नववी क आणि राखणदाराचा खटला

१० जुलै

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार तू धरूनच चाल. शिक्षकांच्या खोलीत टेबलाच्या एका कोपऱ्यावर कागद टेकवून लिहिते आहे, इथे वाकायला जागा नाही. फोन केला असता, पण फोनवर तू 'मुद्द्यावर ये' म्हणतेस आणि मी मुद्दाच विसरते.

मुद्दा असा की मला खटला कसा चालवतात ते शिकव. घाबरू नकोस, माझ्यावर कुणी केस केलेली नाही.

या वर्षी मला नववी क दिली आहे. अ आणि ब मार्कांनी भरल्या की उरलेली मुलं क मध्ये ओततात. पहिली सहामाही संपली की आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, ठरवतात की दहावीला कुठल्या तुकडीला इंग्रजीचा पूर्ण पेपर द्यायचा आणि कुठल्या तुकडीला छोटा. पूर्ण पेपरात कथा-कविता असतात. छोट्यात व्याकरण, अर्जाचा नमुना आणि गाळलेल्या जागा. क तुकडीला आजवर छोटाच मिळाला आहे. छोटा पेपर घेतला की पुढे भाषा-साहित्य शिकायचं दार तिथेच बंद. मी मोठ्या बाईंकडे जाऊन म्हटलं, माझ्या मुलांना पूर्ण पेपर द्या. त्या म्हणाल्या, ही मुलं एखादी गोष्ट स्वतःच्या डोक्यानं वाचू शकतात हे सहामाहीअखेर दाखवा, मग बोलू.

आता दाखवायचं कसं? आमचे विभागप्रमुख उत्तरं फळ्यावर लिहून देतात, मुलं उतरवून घेतात, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. मुलं त्यांना नोट्स सर म्हणतात. मी तसं करायला गेले तर माझी मुलं झोपतात. म्हणून मी वेगळे उद्योग सुरू केले. आधी धड्यातलं गाव खडूनं जमिनीवर काढायला लावलं. मग एक खुर्ची मधोमध ठेवली. त्या खुर्चीत जो बसेल तो धड्यातलं पात्र, आणि बाकीच्यांनी त्याला इंग्रजीतून प्रश्न विचारायचे. एक मुलगा दुकानदार होऊन बसला आणि अर्ध्या वर्गाला उधारी नाकारून उठला. मजा आली, पण मजेच्या पुढे गाडी जाईना.

सध्याचा धडा दीपगृहाच्या राखणदाराचा आहे, त्याची झेरॉक्स सोबत जोडते. थोडक्यात सांगते. वादळी संध्याकाळी दीपगृहाचा दिवा विझतो, मच्छीमारांची होडी खडकावर आपटते, दोन भाऊ बुडतात. राखणदार हातात डबा घेऊन, भिजून चिंब, गावच्या दुकानात येतो. एक शब्द बोलत नाही. दुसऱ्या दिवशी गाव त्याला हाकलून देतं. धड्याखाली प्रश्न आहे, राखणदाराच्या निष्काळजीपणातून आपण काय शिकतो? गाइडात उत्तर तयार आहे.

मला त्या राखणदारावर वर्गात खटला चालवायचा आहे. घरात एक अट्टल वकिलीण असताना मी सिनेमा बघून शिकायचं का?

तुझी,
बडबड

---

१९ जुलै

चि. बडबडीस,

आशीर्वाद आहेत, ते तू न मागता मिळतात. बाकी पत्र रागाचं आहे.

कोर्ट म्हणजे स्नेहसंमेलन नव्हे. पोरांना काळे कोट घालून 'मिलॉर्ड, मिलॉर्ड' ओरडायला लावणार असशील तर माझं नाव कुठेही घेऊ नकोस. मी सकाळपासून तीन खोल्यांतून फिरले, एकाही खोलीत कुणी टेबलावर हातोडा आपटला नाही. कुणी ओरडलं नाही. एक म्हातारा साक्षीदार मात्र खुर्चीतच झोपला होता.

तरी विचारलंस म्हणून सांगते. साक्षीदारानं फक्त स्वतः पाहिलेलं आणि स्वतः ऐकलेलं सांगायचं. 'लोक म्हणतात', 'मला वाटतं', 'असंच असणार' हे सगळं बाहेर. वकिलानं प्रश्न विचारायचे, गोष्टी रचायच्या नाहीत. आणि बोलायचं त्याला आधार हवा. आमच्याकडे आधार म्हणजे कागद. तुझ्याकडे धडा हाच कागद. तेव्हा जो कुणी तोंड उघडेल त्याला विचार, कुठलं पान, कुठली ओळ? सांगता आलं नाही तर खाली बस.

तुझा धडा पाहिला. केस उघड आहे. दिवा सांभाळणं त्याचं काम, दिवा विझला, माणसं मेली, आणि हा गडी जागेवर नाही. यात बचाव पक्षाला करण्यासारखं काही उरलेलं नाही. दुसरा धडा घे.

आत्या

---

२ ऑगस्ट

ती. आत्यास,

धडा बदलला नाही. मुलांनी ऐकलं नाही.

पहिला खटला तुझं पत्र यायच्या आधीच उरकून घेतला, तेवढा धीर मला कुठला. फिर्यादीचा वकील म्हणून ज्याला नेमलं, त्याला आता सगळे बॅरिस्टर म्हणतात. उंच आहे, आवाज खणखणीत आहे, आणि आपण बोलतो ते खरं असतं अशी त्याची मनापासून समजूत आहे. त्यानं राखणदाराला दारुडा ठरवलं. मग कुणीतरी सांगितलं की त्याचं बुडालेल्या भावांशी जुनं वैर होतं. मग कुणीतरी त्याला बायको आणून दिली आणि तिनंच दिवा विझवला. शेवटी सगळ्यांनी मिळून त्याला समुद्रात फेकायची शिक्षा दिली. थोडा आवाज झाला. पण ठीक आहे.

तुझं पत्र आल्यावर मी 'पान? ओळ?' एवढे दोनच शब्द मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावले. आता वर्गाची तऱ्हाच बदलली आहे. दारू गेली, वैर गेलं, बायको तर पहिल्याच दिवशी गेली. जी मुलं धड्याचं पुस्तक दप्तरातून बाहेर काढत नव्हती ती एकमेकांच्या अंगावर बोट नाचवत पान विचारतात. बॅरिस्टर परवा आपल्याच आईला म्हणाला की शेजारणीनं सांगितलं हा पुरावा होत नाही. आई तक्रार घेऊन आली होती, मी तिला चहा पाजला.

सर्वात गंमत राखणदाराची. ते काम वर्गातल्या सगळ्यात बोलघेवड्या मुलाला मिळालं आणि नंतर कळलं की धड्यात राखणदार एक शब्दही बोलत नाही. म्हणजे त्यालाही बोलता येणार नाही. बिचारा तासभर उभा असतो आणि ओठ दाबून लाल होतो.

बाकी इथे सगळं ठीक. नोट्स सरही ठीक आहेत. तू तब्येत सांभाळ.

तुझी,
बडबड

---

९ ऑगस्ट

चि. बडबडीस,

तीन वेळा 'ठीक' लिहिलं आहेस. त्यातलं तिसरं तर कुणी विचारलेलं नसताना. नोट्स सरांची ख्यालीखुशाली मी केव्हा विचारली?

माझ्यासमोर असे साक्षीदार रोज येतात. जे लपवायचं त्याच्याच भोवती घुटमळतात. काय झालं ते सरळ लिही, नाहीतर तुझ्या बापाला फोन करून विचारते. तो माझा भाऊ आहे, त्याच्या पोटात काही राहत नाही.

आत्या

---

१७ ऑगस्ट

आत्या,

बाबांना काही विचारू नकोस, त्यांना काहीच माहीत नाही.

झालं ते असं. पहिल्या खटल्याच्या वेळी शेजारच्या वर्गात नोट्स सरांची चाचणी चालू होती. समुद्रात फेका, समुद्रात फेका असा गजर त्यांच्या मुलांच्या उत्तरपत्रिकेपर्यंत गेला. ते दारात येऊन उभे राहिले. मुलांना काही बोलले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "या मुलांना जे झेपतं ते त्यांना शांतपणे मिळू द्या. खोटी आशा लावून तुम्ही त्यांचं नुकसान करताय." आणि लेखी तक्रार दिली.

ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांचं म्हणणं त्यांना खरंच वाटतं, म्हणून रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतं आहे.

मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं की सप्टेंबरात त्या स्वतः तासाला येऊन बसतील, सरही येतील. खटलाच बघतील, न्यायाधीश म्हणून. पुन्हा तमाशा झाला तर क तुकडीला छोटा पेपर, आणि उरलेलं वर्ष सरांच्या नोट्स. बाकी चर्चा नाही.

मुलांना मी सगळं सांगून टाकलं. लपवून काय करणार, दारामागे दोघं ऐकतच होते. त्यांनी फक्त विचारलं की न्यायाधीशांना इंग्रजी चांगलं येतं का.

अडचण एकच. राखणदाराचा वकील व्हायला कुणी तयार नव्हतं, तुझ्यासारखंच सगळ्यांना वाटतं की ही केस हरलेली आहे. शेवटी एक मुलगी उठली. तिला आम्ही पणबाई म्हणतो, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू होतं. गेल्या वर्षी सरांच्या तासाला ती जास्त वेळ वर्गाबाहेर काढलेली, व्हरांड्यातच असायची. इंग्रजी अडखळत बोलते, शब्द सापडला नाही तर हात हलवते, पण मुद्दा सोडत नाही. ती म्हणाली, "बाई, पण त्याला कुणी काही विचारलंच नाही ना." एवढंच तिच्याजवळ आहे. आत्या, त्यावर केस उभी राहते का? काहीतरी सुचव.

तुझी,
बडबड

---

२५ ऑगस्ट

चि. बडबडीस,

हे आधी लिहायला काय झालं होतं? मूर्ख मुलगी. जेवतेस ना नीट?

आता ऐक. पणबाईचा मुद्दा भावनेचा आहे, कायद्याचा नाही. गुन्हा झालाच आहे, तेव्हा तो कबूल करायचा आणि दया मागायची. एकटा माणूस, वादळ, वय झालेलं, एका चुकीसाठी जन्मभराची शिक्षा नको, असा सूर. मी दोन संध्याकाळी बसून तिच्यासाठी भाषण लिहिलं आहे, इंग्रजीतून, सोबत पाठवते. सोपे शब्द घातले आहेत. शेवटचा परिच्छेद असा उतरला आहे की मोठ्या बाईंनी रुमाल नाही काढला तर मी वकिली सोडीन. मुलीला पाठ करायला लाव. आरशासमोर उभी राहून म्हणू दे.

सरांचं मनाला लावून घेऊ नकोस. मी आहे.

आत्या

---

१ सप्टेंबर

ती. आत्यास,

भाषण मिळालं. माझे डोळे भरून आले, तुझ्या शेवटच्या परिच्छेदासाठी आणि 'मी आहे' साठीही.

आता रागावू नकोस. पणबाईनं ते घरी नेलं, दोन दिवसांनी घडी न मोडता परत आणून दिलं. म्हणाली, "बाई, छान आहे. पण तो म्हातारा आहे असं कुठल्या पानावर आहे?"

मी पुस्तक चाळलं. कुठेच नाही, आत्या. त्याचं वय धड्यात दिलेलंच नाही.

मग ती म्हणाली की हे पाठ केलं तर सरांच्या नोट्स पाठ केल्यासारखंच होईल, फक्त नोट्स तुमच्या आत्यांच्या. तिनं धडा पहिल्या पानापासून वाचायला घेतला आहे. मधल्या सुट्टीत जमिनीवर खडूनं काढलेल्या गावात उभी राहते, दुकानापासून दीपगृहापर्यंत चालून बघते.

तुझी,
बडबड

---

८ सप्टेंबर

चि. बडबडीस,

ठीक आहे. इतकी वर्षं कोर्टात काढलेल्या बाईपेक्षा तुझ्या पणबाईला जास्त कळत असेल तर माझी हरकत नाही. भाषण परत पाठवलंस तरी चालेल, माझ्याकडे प्रत नाही.

कबुली न देता उभी राहिली तर हरेल. आणि ती एकटी हरणार नाही, सगळा वर्ग हरेल. हे तिला सांग, मग तिला काय करायचं ते करू दे.

आत्या

---

२४ सप्टेंबर

आत्या, माझ्या लाडक्या, चिडक्या आत्या,

काल खटला झाला. सगळं क्रमानं सांगते, मध्ये उठू नकोस.

बाकं आम्ही भिंतींना लावली होती. मोठ्या बाई माझ्या टेबलामागे, नोट्स सर खिडकीजवळ, मांडीवर गाइड. मी दाराशी. राखणदार आपल्या जागी ओठ दाबून उभा.

बॅरिस्टरनं सुरुवात झकास केली. ओरडला नाही. दिवा विझला, पान चार. होडी आपटली, पान चार, खालून तिसरी ओळ. राखणदार त्या वेळी दीपगृहात नव्हता, पान पाच. आणि एक खास पुरावा त्यानं काढला. धड्यात म्हटलं आहे की त्या आठवड्यात राखणदार दोनदा दुकानात आला आणि नेहमीप्रमाणे न बोलता निघून गेला. म्हणजे माणूस घुम्या, बेफिकीर, कामाच्या वेळी गावात हिंडणारा. सरांनी मान डोलावली, गाइडात हेच आहे. माझ्या मनात आलं, संपलं.

पणबाई उठली. हातात कागद नाही, फक्त पुस्तक. तिनं दुकानदाराला बोलावलं, म्हणजे दुकानदार झालेल्या मुलाला, आणि अडखळत विचारलं, तुझ्या फळ्यांवर त्या आठवड्यात काय होतं? तो पुस्तकात बघून म्हणाला, काही नाही. का नाही? सामानाची बोट आली नव्हती. पान? एक. काय काय संपलं होतं? त्यानं वाचलं, पीठ, मीठ आणि तेल.

तिनं पुढे विचारलं, दिवा कशावर चालतो? मुलगा म्हणाला, तेलावर, पान दोन. गावात तेल आणखी कुठे मिळतं? धड्यात दुसरं दुकान नाही. मग राखणदार त्या आठवड्यात दोनदा तुझ्याकडे कशाला आला होता?

दुकानदार झालेल्या मुलानं पुस्तकातल्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, ते पुस्तकात लिहिलेलं नाही. पणबाई म्हणाली, बरोबर, कुणी विचारलं नाही म्हणून लिहिलेलं नाही.

मग तिनं दोन डबे आणवले, पत्र्याचे, सारख्या मापाचे. एक पाण्यानं गच्च भरलेला, एक रिकामा. धड्यात आहे की राखणदार दुकानात शिरला तेव्हा हातातला डबा दाराच्या चौकटीला लागून खणखणला. तिनं आधी भरलेला डबा आमच्या वर्गाच्या चौकटीवर आपटला. धप्प. मग रिकामा. असा खणखणला की व्हरांड्यातून जाणारा शिपाई थबकला. आत्या, हे डबे आणायचं मला ठाऊकही नव्हतं. म्हणजे राखणदार रिकामा डबा घेऊन येत होता. तेल संपत आलं होतं, दिवा जळता ठेवून तो तिसऱ्यांदा तेल मागायला निघाला होता, आणि तो वाटेत असताना दिवा विझला. तो तेवढ्यासाठीच जागेवर नव्हता. आणि त्या आठवड्यात गावात प्रत्येक खिडकीत मेणबत्ती होती, म्हणजे तेल कुणाच्याच घरी नव्हतं, तेही पान एकवरच.

एवढ्यावर ती थांबली असती तरी पुरे होतं. तिनं मोठ्या बाईंकडे वळून विचारलं, आणखी एक साक्षीदार बोलावू का? आणि नोट्स सरांना बोलावलं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. सर उठून आले, हे मी त्यांच्या बाजूनं आवर्जून लिहिते. तिनं नम्रपणे विचारलं की निष्काळजी हा शब्द सरांनी धड्यात कुठे पाहिला. सरांनी पुस्तक घेतलं, पानं उलटली, पुन्हा उलटली. म्हणाले, "प्रश्नात आहे." तिनं न्यायाधीशांना विचारलं, प्रश्नाची साक्ष चालते का? मोठ्या बाई म्हणाल्या, चालत नाही.

सर तिथेच उभे राहून पहिलं पान वाचत होते. सगळं वाचून झाल्यावर हळू आवाजात म्हणाले, "मी हे पान नेहमी गाळतो. यावर परीक्षेत प्रश्न येत नाही." आणि पुस्तक घेऊनच जागेवर जाऊन बसले, गाइड खाली पडलं ते उचललं नाही.

बॅरिस्टर उठला. मला वाटलं आता हा भांडणार. तो म्हणाला की फिर्यादी पक्ष आरोप मागे घेतो आणि दुकानदाराला आरोपी करायची परवानगी मागतो. सगळे हसले. त्या हशात राखणदार झालेला मुलगा ढसाढसा रडायला लागला. इतके आठवडे गप्प उभा होता ना.

पणबाईनं तुझ्यासारखा शेवटचा परिच्छेद म्हटला नाही. एवढंच म्हणाली, दया नको, तो निर्दोष आहे. तिच्या इंग्रजीत दोन चुका होत्या. मला त्या वेळी एकही ऐकू आली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

मोठ्या बाई निकाल न देता उठल्या. सरांना घेऊन बाहेर गेल्या. काल काही कळलं नाही, आज शाळेला सुट्टी. त्या मुलांना जे जमलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आत्या. त्यांना छोटा पेपर दिला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

तुझी,
बडबड

---

३० सप्टेंबर

चि. बडबडीस,

तुझं पत्र मी वकिलांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. चहा गार झाला. दोघं जण माझ्याकडून झेरॉक्स मागून घेऊन गेले, एकानं दुकानदाराचं वकीलपत्र घ्यायची तयारी दाखवली.

मी हरले. तुझ्यासमोर आढेवेढे कशाला? घरी येऊन धडा पुन्हा काढला. पहिल्या पानावर माझी एकही खूण नव्हती. सगळ्या खुणा पान चारपासून पुढे. गुन्हा कुठे आहे तेवढं शोधलं आणि तिथूनच वाचायला लागले. तुझ्या सरांनी परीक्षेपायी पान गाळलं, मी सवयीपायी. वर पोरीला तयार भाषण पाठवून दिलं. तुला नियम शिकवले आणि स्वतःच पाळले नाहीत.

भाषण फाडून टाक. खरंच फाड, जपून ठेवू नकोस.

माझी पणबाईला एक शंका कळव. तेल नाही हे राखणदारानं गावाला ओरडून का सांगितलं नाही? बघू तिला काय सुचतं. आणि निकाल कळताच फोन कर. हो, फोन. पत्राची वाट बघायला माझ्यात दम नाही.

आत्या

---

८ ऑक्टोबर

ती. आत्यास,

फोनवर तू नुसतं 'मिळाला का, मिळाला का' विचारत होतीस आणि मी नुसतं 'मिळाला' म्हणत होते, त्यात सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून लिहिते.

खटल्यानंतर सर मोठ्या बाईंना म्हणाले होते की हा धडा मुलांनी आठवडेच्या आठवडे घोटला आहे, आणि एका हुशार मुलीवरून वर्ग जोखू नये. गंमत म्हणजे मला त्यांचं पटलं. मोठ्या बाईंनाही पटलं. पण त्या मला काही बोलल्या नाहीत. सोमवारी मी दुसऱ्या तुकडीवर असताना त्या एकट्या माझ्या वर्गात गेल्या. मुलांनी कधी न पाहिलेली एक छोटी इंग्रजी गोष्ट प्रत्येकाच्या हातात दिली. म्हणाल्या, तुमच्या बाई येणार नाहीत, मीही काही सांगणार नाही, काय करायचं ते करा. आणि मागे जाऊन बसल्या.

माझा तास संपला तेव्हा व्हरांड्यात येताच माझ्या वर्गाचा कलकलाट ऐकू आला. मला वाटलं वर्ग मोकळा सोडला आहे आणि पुन्हा तक्रार होणार. मी अक्षरशः पळत सुटले. दारातून बघते तर बाकं भिंतीला लागलेली. गोष्टीतल्या कुण्या बहिणीची उलटतपासणी चालली होती. पणबाई या वेळी वकील नव्हतीच, ती कोपऱ्यात बसून दुसऱ्या मुलीला पान शोधून देत होती. एरवी इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारा एक जण बॅरिस्टरला सांगत होता की तुझा प्रश्न पुराव्याला धरून नाही. दर दोन वाक्यांनी कुणीतरी ओळ विचारत होतं. आणि मागच्या बाकावर मोठ्या बाई हात वर करून बसल्या होत्या. त्यांना प्रश्न विचारायचा होता आणि कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

मला पाहून त्या बाहेर आल्या. मागून नोट्स सरही आले, ते कधीपासून खिडकीशी उभे होते मला कळलंच नाही. सर माझ्याकडे न बघता म्हणाले की तक्रार त्यांनी मागे घेतली आहे, आणि सहामाहीनंतर अ तुकडीलाही हा प्रकार करून बघायचा आहे, मी एखादा तास येऊन बसेन का? मी हो म्हणाले. मला त्यांचा राग उरला नव्हता.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मला एक प्रश्न विचारायचा होता, पण माझा नंबरच लागला नाही. दहावीला पूर्ण पेपर. सगळ्यांना. जा, तुम्हीच सांगा."

तुझी शंका पणबाईला कळवली आहे. तिनं ती नोंदवून घेतली आणि म्हणाली, आत्यांना तारीख मिळेल.

तर मी बातमी सांगायला वर्गात शिरले. हसू आवरत नव्हतं. तोंड उघडणार तोच बॅरिस्टरनं माझ्याकडे न बघता हात करून मला थांबवलं. साक्ष चालू होती. मी दाराजवळच्या बाकावर बसले आणि माझी पाळी यायची वाट बघत राहिले.

तुझी,
बडबड